कारमीस बी गेल्याची बातमी

शाबान ३. बोलेकची वस्ती.

आजही निघालो नाही. जायचं कुठे हेच ठरलेलं नसलं की निघायला उशीर होतोच. ताश्कंदचा मदरसा सोडून वर्ष होत आलं. व्याकरणाच्या तासाला खिडकीतून उंटांची रांग दिसली. ती कुठे जाते एवढं बघून परत यायचं होतं. अजून बघतोच आहे.

या कुरणावर ज्याच्या त्याच्या तोंडी मरणच. यंदा अजगराचं साल. माझी आई कझाकांतली, ती म्हणायची, अजगराचं साल मोठी माणसं गिळतं. खान लढाईत गेला, सायरामचे पीर गेले, तलासकाठचा तो गवई गेला, ज्याचं गाणं ऐकायला मी मुद्दाम निघालो होतो आणि वाटेत एका लग्नात अडकलो. कोणी घोड्यावरून आला की लोक सलामाआधी विचारतात, "आता कोण?"

इथे सध्या पाहुणा आहे कारमीस बी. बी म्हणजे निवाडा करणारा. सिर नदीपासून चू नदीपर्यंत त्याच्या शब्दावर लोक सुरे म्यान करतात म्हणे. माणूस एवढा लठ्ठ की दारातून आधी पोट येतं, मग सलाम, मग तो. बोलेकच्या आणि त्याच्या वस्तीत तीन वर्षं एका कुरणावरून वैर. माणसंही मेली आहेत. ते मिटवायला हा फक्त एका नोकराला घेऊन आला.

दुपारी त्याने मला हाक मारली. मेंढीचं डोकं पुढ्यात, हात कोपरापर्यंत तुपकट.

"पोरा, कुठे चाललास?"

"कुठेही."

"वा! मग माझं घर वाटेवरच आहे." इकडेतिकडे बघून त्याने आवाज उतरवला. "बोलेक माझा व्याही. त्याची कामका माझ्या लेकाला दिलेली. माणूस चांगला. पण घोड्याच्या बाबतीत कोणी कोणाचा व्याही नसतो. माझ्या अकबोझकडे बघून दोनदा म्हणालाय, 'काय घोडा आहे!' तिसऱ्यांदा म्हणाला की द्यावाच लागतो, रीत आहे. त्याच्या आत पळव त्याला. नोकराला पाठवलं असतं, पण त्याला कालपासून झुडपाआडून येताच येत नाहीये."

घोडेचोर समजून झोडपू नये म्हणून खूण म्हणून त्याने कमरेचा चांदीच्या टिकल्यांचा पट्टा दिला. "घरी सांग, तह होत आलाय, आठवड्याभरात येतो. आणि लगाम ढिला सोडू नकोस. घर दिसलं की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

शाबान ५. वाटेत.

चार दिवसांची वाट म्हणाले होते. माझी जास्त होणार. काल अर्धा दिवस त्या जाड्या, शिट्ट्या मारणाऱ्या, बिळांत राहणाऱ्या प्राण्यांपायी गेला. एकाला पकडायचं ठरवलं होतं. तो मला पकडेल अशी वेळ आली.

पट्टा माझ्या कमरेला दोनदा गुंडाळूनही गुडघ्यावर येतो. शेवटी हारासारखा गळ्यात घातला. रुबाबदार दिसतो. बघायला कोणी नाही.

जीन सारखं डावीकडे झुकतं. कितीही आवळलं तरी तासाभराने ढिलं. घोडा आवळताना पोट फुगवून धरत असावा, लबाड आहे. आता ते डावीकडे गेलं की मी उजवीकडे झुकतो. चाललंय.

तारीख कळत नाही. कारमीस बीची वस्ती.

जिवंत आहे. पण जीभ!

टेकडीवरून खाली तंबू दिसले आणि अकबोझ सुटला. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो ते आठवत नाही. जीन पार फिरून घोड्याच्या पोटाखाली गेलं. मग जमीन वर आली. पडताना दात जिभेत रुतले. कापूस कोंबल्यासारखी सुजली आहे, 'आ' सोडून काही निघत नाही.

जागा झालो तर सगळ्या तंबूंतून रडणं. बायका भिंतीकडे तोंड करून, केस सोडून. मला वाटलं माझ्यासाठीच. बरं वाटलं थोडं, खोटं कशाला लिहू. मग एक बाई माझ्या तोंडात कोमट रस्सा घालताना दुसरीला म्हणाली, "कारमीस बी गेले, आता या वस्तीचं छत गेलं."

गेला! चारपाच दिवसांपूर्वी डोकं चोखत बसला होता! इथे बातमी मी पोचलो त्याच दिवशी आली म्हणे. माझ्या आधी का नंतर, ते कळलं नाही. ज्याने आणली तोही दिसला नाही. मी वाटेत शिट्टीवाल्यांच्या मागे होतो तेवढ्यात मला मागे टाकून गेला असणार. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मोठा माणूस मला 'पोरा' म्हणाला, निरोप देऊन विश्वास टाकला, आणि तो गेला. रडलो. जीभ दुखते म्हणून तोंड उघडं ठेवून रडलो, विचित्र आवाज आला. बायका म्हणाल्या, "बघा, परका असून किती जीव लावलाय."

दुसऱ्या दिवशी.

मला मान फार. बसायला मऊ नमदा, लोकर थापून केलेला, पहिला रस्सा, नवा अंगरखा. कोणी काही विचारत नाही. फक्त बीची बायको, बिकेश आई, एकदा येऊन बसली. उंच, वाळकी बाई. रडून आवाज बसलेला. शेजारी धाकटा दीर दोसान, मोठ्या मिशांचा.

"शेवटचं तू पाहिलंस त्यांना?"

मी मान हलवली. पाहिलं होतंच की.

"त्रास झाला का रे फार?"

मला तो घाम पुसत, ढेकर देत जेवणारा म्हातारा आठवला. तिला जरा दिलासा मिळावा म्हणून मी पोटावर दोन्ही हात ठेवून, गाल फुगवून दाखवलं, की बिचारा शेवटी पोटभर जेवला होता. दोसानचे डोळे मोठे झाले. ताडकन उठला, बाहेर जाऊन भाला घेऊन आला. या लोकांत पोटभर जेवण्याला फार महत्त्व दिसतं.

बहुतेक शाबान ११.

अकबोझची शेपटी छाटली. मालक गेला की छाटतात, मग त्याच्यावर कोणी बसत नाही. बीच्या तंबूशी भाल्याला पांढरं निशाण बांधून उभं केलंय, म्हातारा होता म्हणून पांढरं. घोडा माझ्याकडे असा बघतो जणू शेपटी मीच कापली.

रोज दुरून माणसं येतात. लांबूनच घोडा भरधाव सोडून "हाय माझा भाऊ!" करत. उतरतात, गळ्यात पडतात. सातव्याचं जेवण मोठं होणार. भाले, धनुष्यं, काहींकडे बंदुकाही. जेवणाला एवढी हत्यारं कशाला म्हणून मी बघत होतो, तर दोसान एकाला म्हणाला, "देहसुद्धा नाही दिला त्यांनी. पाहुणा म्हणून बोलावला आणि विष घातलं."

विष! बोलेकने? तो तर हसरा माणूस. माणसाचं काही सांगता येत नाही.

कामकाबद्दल लिहायचं राहिलं. बीची सून, बोलेकची लेक, एकोणीस-वीसची असेल. नवरा लांबच्या कळपांकडे गेलाय. दिवसातून तीनदा माझ्यासाठी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कसल्यातरी मुळीचा लेप घेऊन येते. स्वतः माझी जीभ धरून लावते. "उघड. अजून. सूज उतरली का? 'ब' म्हण." दुसऱ्या कोणाच्या जिभेची कोणी एवढी काळजी केलेली मी पाहिली नाही. ताश्कंदमध्ये कोणी माझ्याकडे ढुंकून बघत नव्हतं, इथे हे. लग्न झालेली आहे हे मला माहीत आहे. पण बाईचं मन कोणाला सांगून जडतं?

तिच्या तंबूच्या दाराशी आता दोन माणसं बसतात. राखण करायला असावीत. ती आली की तीही दहा पावलं मागे येतात. मोठ्या घरची सून म्हणजे असं असतं.

बिकेश आई सकाळ-संध्याकाळ शोकगीत गाते. कोणी शिकवलेलं नाही, तीच रचते, रोज एखादी ओळ वाढते. तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

शाबान १३.

मी गाढव आहे. आणि हे जपून लिहिलेलं बरं, कारण उद्या कोणी वेगळं म्हणू नये.

दुपारी कामका आली. म्हणाली, "बोल काहीतरी."

"ब… बल आहे," मी म्हणालो. बरं आहे असं म्हणायचं होतं. आणखीही एक गोष्ट म्हणायची होती, ती तयार करून ठेवली होती.

"खूप झालं," ती म्हणाली. आवाज उतरवून, लेप लावल्याचं सोंग करत. "आता मान हलवू नकोस, शब्दात सांग. सासऱ्यांचा जीव जाताना तू होतास?"

"नाही. मी निघालो तेव्हा जेवत होते."

"मग बातमी कोणी आणली?"

"मला काय माहीत? मी बेशुद्ध होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, ओढणी तोंडात कोंबून, आणि हसताहसता डोळ्यांतून पाणी. "तू आणलीस, मूर्खा! तूच! टेकडीवरून घोडा उधळत कोण येतं? ज्याच्याकडे मरणाची बातमी असते तो. बाकी सगळे तंबूंच्या मागे उतरून सावकाश चालत येतात. गळ्यात पट्टा कोण घालतो? शोकातला माणूस. जीन उलटं कधी होतं? घोड्याचा धनी मेला की. तू तिन्ही करून, बोंबलत, त्यांच्याच घोड्यावरून आलास. पुढे काय विचारायचं? बातमी आणणाऱ्याला सातव्यापर्यंत कोणी प्रश्न करत नाही. आईंनी न राहवून विचारलं, तर तू पोट धरून दाखवलंस!"

"मग तू आधीच का नाही बोललीस?"

"कोणाकडे? मी बोलेकची मुलगी. मी म्हटलं असतं की विष नाही, तर म्हणाले असते, बापाला वाचवतेय. माझे बाबा मेलेल्या पाहुण्याला एका शहरी पोराच्या गळ्यात बांधून पाठवणार नाहीत, स्वतः घेऊन येतील, हे मला पहिल्या दिवशी कळलं. पण तुझी जीभ सुजलेली. रोज मोजत होते मी, जीभ आधी बरी होते की सातवा आधी येतो."

"आणि सातव्याला काय आहे?"

"जेवण झालं की निघणार. मला घोड्यावर पुढे बांधून. माझ्या बापाच्या दारात." दाराशी बसलेल्या दोघांकडे तिने नुसतं बघितलं. राखण कोणाची चालली होती ते मला तेव्हा कळलं. "उद्या सकाळी, सगळे बसले की सांग. सांगशील ना?"

हो म्हणालो. जी दुसरी गोष्ट तयार करून ठेवली होती ती गिळली.

शाबान १४.

पळालो. लिहितोय म्हणजे परत आलो, पण पळालो होतो.

उजाडताना एक तट्टू सोडलं आणि टेकडी चढलो. मनात म्हटलं, मी काय कोणाला मेला म्हणालो? यांनीच ठरवलं. आणि खोटी मरणवार्ता आणणाऱ्याला काय करतात हे मला माहीत नव्हतं, विचारायची छातीही नव्हती. दोसानच्या मिशा पुरेशा होत्या.

वर जाऊन मागे वळून बघितलं. एरवी माझा घात याच सवयीने होतो. खाली कढयांखाली धूर, माणसांच्या रांगा. आणि कामकाच्या तंबूसमोर ते दोघे एका घोडीवर जीन चढवत होते. दोरीचं वेटोळं शेजारी. ती दारात उभी होती, टेकडीकडे बघत नव्हती. लोक बसतात तिकडे बघत होती. मी तिथे असेन असं समजून.

उतरलो. या वेळी तट्टू तंबूंच्या मागे सोडलं आणि सावकाश चालत गेलो.

सगळे बसलेले. मी मध्ये उभा राहिलो. जीभ अजून जाड. बिकेश आईला म्हणालो, "आई, ते मेलेले नाहीत. मी बातमी आणलीच नाही. मला घोड्यावर नीट बसता येत नाही, एवढंच झालं."

कढईत हाड उलटलेलं ऐकू आलं.

दोसान उठला, चाबूक हातात. "पट्टा?"

"मोठा होता. कमरेत राहीना."

"जीन?"

"ढिलं होतं."

"आणि पोट धरून दाखवलंस ते?"

"पोटभर जेवले होते असं सांगत होतो."

मागे कोणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं. दोसान पांढरा पडला होता. "हिने शिकवलंय! रोज तीनदा याच्या तोंडात बोटं घालून काय करत होती ही? बापासाठी एक जीभ विकत घेतली!" दोघांनी कामकाचे दंड धरले. ती एक शब्द बोलली नाही. बोलून काय उपयोग होता?

"थांब दोसान," बिकेश आई म्हणाली. मग मला, "त्यांनी घोडा परत का पाठवला? त्यांचा जीव त्या घोड्यात. ते घोड्याला मागे सोडून दारापर्यंत जात नाहीत."

हे सगळ्यांसमोर सांगावं की नाही, मला कळेना. पण चाबूक जवळ आला होता. "ते म्हणाले, बोलेक दोनदा वा म्हणालाय. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत पळव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्या वाळक्या बाईच्या छातीतून काहीतरी खडखडत वर आलं. मला वाटलं झटका आला. हसत होती. काळ्या ओढणीत, सुजल्या डोळ्यांनी, मांडी थोपटत. "तेच! तेच ते! अल्लाकडे जातानासुद्धा घोडा आधी लपवून जातील! हे कोणी शिकवून सांगता येत नाही रे, दोसान. याला तेहतीस वर्षं संसार करावा लागतो."

"हसतेस काय वहिनी! तेव्हा जिवंत होता. त्यानंतर काय झालं कशावरून?"

"आणि मेले ते तरी कशावरून? या पोराच्या ढिल्या जिनावरून? पोरीला सोडा. दोघांना पाठव बघायला. ते येईपर्यंत जो घोड्यावर बसेल, तो माझ्या हातचं पुन्हा खाणार नाही."

कोणी बसलं नाही. जेवणही अजून व्हायचं होतं.

कामका माझ्यासमोरून गेली तेव्हा मी म्हणालो, "मी सकाळी पळालो होतो." ती म्हणाली, "माहीत आहे. तट्टू दिसत नव्हतं."

शाबान १५.

पाठवलेले दोघे पोचायची गरजच पडली नाही.

ऊन कलताना टेकडीवर सात-आठ घोडेस्वार दिसले, सावकाश येणारे. मग एकदम थांबले. पुढचा, एखादं पोतं बांधल्यासारखा रुंद माणूस, घोडा भरधाव सोडून सुटला, "हाय! हाय माझी!" करत. दोसानच्या माणसांनी भाले उचलले. बिकेश आई ओरडली, "खाली! खाली ठेवा!"

कारमीस बी होता. स्वतःच्या दाराशी पांढरं निशाण बघून त्याला वाटलं, बायको गेली. कसाबसा उतरला, गुडघ्यांवर आदळला, निशाणाच्या भाल्याला मिठी मारून हंबरडा फोडला. चू नदीपर्यंत ज्याचा शब्द चालतो, त्याला शब्द फुटेना.

ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "अहो, कोणासाठी रडताय?"

"तुझ्यासाठी!" म्हणाला, आणि मग वळला.

तो तिच्या हाताला हात लावून बघत होता, ऊब आहे का ते. ती म्हणाली, "मी आठवडाभर तुमच्यासाठी रडून घसा फोडला, आणि तुम्ही दोन आरोळ्यांत माझी बरोबरी करायला निघालात?" मग दोघं एवढी रडली की त्यापुढे आठवड्याचं रडणं काहीच नाही. आम्हीही रडलो. दोसान सगळ्यात मोठ्याने. भाऊ लठ्ठ आणि धडधाकट बघून त्याने मला मिठी मारली. बरगड्या दुखताहेत.

मागच्या घोडेस्वारांत बोलेक होता. तह झाला म्हणून व्याह्याला पोचवायला आला होता. भाल्यांच्या गर्दीत शिरताना त्याचं हसू गेलं होतं. आम्ही काल निघालो असतो तर हीच माणसं वाटेत समोरासमोर भेटली असती. याचा विचार मी दोनदा केला. तिसऱ्यांदा करवत नाही.

सासरा सुनेशी तोंडावर बोलत नाही. म्हणून कारमीस बी तिच्या तंबूच्या नमद्याच्या भिंतीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या वस्तीत शहाणं माणूस एकच होतं, आणि त्याच्यावर तुम्ही पहारा बसवलात. उद्या सूनबाई माहेरी जाईल. महिनाभर राहील. सोबत दोसान जाईल, हत्याराशिवाय, आणि वाटेत तिचा घोडा तो धरेल."

आतून काही आवाज आला नाही. पण थोड्या वेळाने बोलेक आत गेला आणि मग रडण्याचा आवाज आला. लहान मुलीसारखा, मोठ्याने.

शाबान १६.

कामका सकाळी गेली. नवा लाल अंगरखा. दोसान घोडा धरून पुढे चालत होता, कोणाकडे न बघता. मला म्हणाली, "दोन दिवस आणखी गरम काही खाऊ नकोस." एवढंच. मला आणखी काही वाटत होतं, ते माझंच वाटणं. आश्चर्य म्हणजे वाईट वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. मलाही त्या दोघांच्या पहाऱ्यातून कोणीतरी सोडवल्यासारखं.

दुपारी म्हातारा कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, वाटी घेऊन बसला आणि बायकोला म्हणाला, "म्हण बघू ते."

"काय?"

"माझं शोकगीत. सगळ्या वस्तीने ऐकलं, मीच एकटा राहिलो."

"जिवंत माणसासमोर म्हणत नाहीत."

"अशी वेळ किती जणांना मिळते? यंदा एवढे मोठे गेले, एकालाही कळलं नाही मागे काय म्हणाले ते. म्हण."

ती नाही नाही म्हणत शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली. त्याने आयुष्यभर केलेले निवाडे, उपाशी वर्षी घोड्या मारून वस्तीला घातलेल्या, सगळं आलं. म्हातारा मान डोलवत होता, मधेच "ती घोडी नाही, घोडा होता" म्हणाला, तर तिने न वळता हात झटकला. एक कडवं तिने घाईने गिळलं, ते बोलेकच्या घराण्याला दिलेल्या शिव्यांचं असावं. मग शेवटचं आलं, जे ती संध्याकाळी हळू म्हणायची:

"तू घोरायचास, मी जागी असायची.
आता सगळं शांत आहे, आणि मी जागीच आहे."

म्हाताऱ्याची वाटी हातातच राहिली. मग म्हणाला, "मी घोरतो?"

कोणी हसलं नाही. ती डोळे पुसून वळली.

"ऐकलंत ना? हे आता वापरून झालं. तुम्ही खरे मराल तेव्हा सगळं नव्याने रचावं लागेल. आणि मी फार हळू रचते."

म्हाताऱ्याने रिकामी वाटी तिच्यापुढे धरली. "रच सावकाश," म्हणाला.